पॅनवाले तात्यांची हजेरी

मे महिन्यात दुपारी दोनच्या सुमाराला सोनईहून घोडेगावकडे निघालेला माणूस आमच्या वस्तीपाशी आला की ब्रेक दाबतोच. डांबर मऊ झालेलं असतं, कुत्री गटारात पोट टेकून पडलेली असतात, आणि रस्त्याकडेच्या एका पत्र्याच्या खोलीच्या खिडकीतून पांढरं धुकं बाहेर येत असतं. धूर नव्हे. धूर वर जातो. हे खाली उतरतं, ओट्यावरून सरपटत येतं आणि रस्त्याला लागलं की नाहीसं होतं. आतून एक म्हातारा आवाज नावं पुकारत असतो. एक नाव, मग थोडी शांतता, मग दुसरं नाव.

ती सगळी नावं मेलेल्या माणसांची आहेत, हे ब्रेक दाबणाऱ्याला माहीत नसतं. आम्हाला असतं.

हा म्हातारा म्हणजे पॅनवाले तात्या. आडनाव त्यांना आहे, पण ते फक्त लाइटबिलावर येतं. साखर कारखान्यात ज्या उंच लोखंडी भांड्यात पाक उकळून साखरेचा दाणा पाडतात, त्याला पॅन म्हणतात. आणि दाणा नेमका कधी धरला हे ओळखणारा तो पॅनमन. तात्यांनी सगळी नोकरी त्या भांड्याशेजारी काढली. काचेच्या पट्टीवर थेंबभर पाक घ्यायचा, दिव्यासमोर धरायचा आणि एक डोळा मिटून बघत राहायचं. घाई केली की नको तिथं भुकटीसारखा बारीक दाणा पडतो आणि सगळा पाक बिघडतो. त्याला म्हणतात खोटा दाणा. पुढं आयुष्यात जे जे पटलं नाही, त्या सगळ्याला तात्या खोटा दाणाच म्हणत आले. नवा सरपंच खोटा दाणा. पाकिटातली चपाती खोटा दाणा. माझ्या लग्नातला बँड तर, त्यांच्या मते, चौदा माणसांचा एक खोटा दाणा होता.

मी बी.एस्सी. आहे, वनस्पतिशास्त्र घेऊन. हे मुद्दाम सांगतो, कारण आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. वडील त्याच कारखान्यात, तात्यांच्याच शिफ्टला, गव्हाणीत उसाच्या मोळ्या टाकायचे. मी हायस्कूलला विज्ञान शिकवतो. तात्या मला नावानं हाक मारत नाहीत. "या, बीएस्सी," म्हणतात. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे मला अजून वेगळं काढता आलेलं नाही.

तर त्या पत्र्याच्या खोलीत तात्यांची ऑर्किडं आहेत. आमच्या भागात ऑर्किड म्हटलं की लग्नाच्या स्टेजवरची जांभळी फुलं लोकांना आठवतात. तात्यांची तसली नाहीत. त्यांच्याकडे रास्ना. आपल्या आंब्या-बाभळीच्या फांदीवर वाढते, पानं अरुंद, मधोमध चिमटलेली. फुलाला चौकड्या असतात, जुन्या टॉवेलासारख्या, आणि खाली एक निळी जीभ. ही झाडं माती मागत नाहीत. लाकडाच्या ओंडक्याला जुन्या धोतराच्या चिंधीनं बांधून तात्यांनी ती छताच्या तारेला टांगलीत. मुळं हवेत, हातहातभर. कोरडी असली की पांढरी फटक. धुकं लागलं की वरून खाली हिरवी होत जातात, मेलेल्या बोटांत हळूहळू रक्त उतरावं तशी. वाकून आत शिरलं की ती ओली बोटं मानेवरून फिरतात. आमचा दूधवाला एकदा बिल मागायला आत गेला आणि किटली टाकून बाहेर आला. तेव्हापासून तो रस्त्यावरूनच हॉर्न वाजवतो.

धुकं कसलं, तर गाईंच्या गोठ्यात उन्हाळ्यात लावतात ते फॉगर. गाई विकल्या, फॉगर ठेवले. आमच्या बोअरचं पाणी खारट, त्यानं झाडांची पानं डागाळतात; म्हणून पावसाचं पाणी टाकीत धरायचं आणि ते संपलं की पतसंस्थेच्या मागं जाऊन एसीच्या नळीखाली कॅन लावून बसायचं. थेंब थेंब. दोन-दोन तास. पतसंस्थेचा शिपाई म्हणाला, "तात्या, आत खुर्चीवर तरी बसा." तात्या म्हणाले, "कॅनला सोबत लागते."

ह्या झाडांना कुणी बांडगूळ म्हटलेलं त्यांना खपत नाही. एकदा ग्रामसेवक बोलून गेला. तात्यांनी त्याला ओट्यावरून खाली उतरवलं. "बांडगूळ झाडाचं रक्त पितं. हे नुसतं ऱ्हातं. भाडेकरू हाय, घरजावई न्हाई." ग्रामसेवक घरजावई होता. तो पुन्हा आला नाही.

हा नाद मूळचा तात्यांचा नव्हे, त्यांच्या बायकोचा, काकूंचा. काकू अकोले तालुक्याच्या डोंगरातल्या. चार महिने पाऊस बघितलेली बाई आमच्या कोरड्या रानात नांदायला आली, ती माहेराहून एक ओंडका घेऊन. त्यावर सीतेची वेणी. रुंद जाड पानांचं ऑर्किड, फुललं की गुलाबी-पांढरा घोस वेणीसारखा खाली लोंबतो. काकू गेल्या, त्याला सहा वर्षं झाली. तात्यांनी त्यांच्या हातातली हिरवी काचेची बांगडी त्या झाडाच्या खोडात अडकवली आणि ओंडका खोलीच्या मधोमध टांगला. बाकीची झाडं नंतर आली. ती कशी आली, ते ऐकल्यावर आमची माणसं संध्याकाळच्या आत त्या घरावरून जाऊन घेतात.

आमच्याकडं माणूस गेला की दहाव्याला प्रवरासंगमाला जायचं. घाटावर पिंड ठेवतात, कावळा शिवायची वाट बघतात, महाराज प्रवचन करतात. तात्या प्रत्येक दहाव्याला हजर, पण प्रवचनात कधीच नाहीत. ते मान वर करून झाडांखाली फिरत असतात. वाऱ्यानं मोडलेली फांदी सापडली आणि तिच्यावर रास्ना असली, की ती टॉवेलात गुंडाळायची. उभ्या झाडाला हात लावत नाहीत. महादू फिटर गेला तेव्हा पहिली मिळाली. मग महादूच्या घरी जाऊन त्याचा कारखान्याचा पितळी बिल्ला मागून आणला आणि झाडाला बांधला. मी विचारलं, हे कशाला? म्हणाले, "तुमच्यागत लॅटिन नावं मला येत न्हाईत, बीएस्सी. मला मपल्या शिफ्टचीच नावं येत्यात."

मग शिफ्टमधला जो जो गेला, त्याची त्याची रास्ना आली. इस्माईलभाई ऑईलमन गेले, त्यांच्यात दहावा नसतो. तर तात्यांनी चाळिसाव्या दिवशी कब्रस्तानाच्या भिंतीबाहेर पडलेली चिंचेची फांदी आणली. इस्माईलभाईंचा मुलगा संकोचून म्हणाला, "तात्या, आमच्यात असलं काही करत नाहीत हो." तात्या म्हणाले, "तुमच्यात नसंल. शिफ्टमदी करत्यात." आणि बिल्ला घेऊनच आले.

रोज दुपारी दोनला फॉगर सुरू करायचा आणि धुकं भरलं की हजेरी घ्यायची. नाव पुकारून, मुळं हिरवी झाली का बघून, पुढचं नाव. ह्यात अजब काही नाही. झाडं बघायची एक पद्धत. पण बाहेरून ऐकणाऱ्याला ती पद्धत दिसत नाही. वस्तीनं हिशेब मांडला: हा माणूस दहाव्याला जातो, पिंडाकडं फिरकत नाही, टॉवेलात काहीतरी बांधून आणतो आणि मग रोज मेलेल्याचं नाव घेऊन त्याला हाक मारतो. म्हणजे कावळ्याच्या आधी हाच आत्मा उचलतो!

भिऊन लोकांनी घर टाळलं असतं तर गोष्ट तिथंच संपली असती. पण महादू फिटरची बायको, पारूबाई, एका दुपारी पदर तोंडाला लावून दारात उभी राहिली.

"तात्या, आमचं मानूस कसं हाय?"

तात्या झाडाकडं बघून बोलले. तात्या बोलतात ते झाडाविषयीच. "बरंय. पयल्यांदा लई सुकलं हुतं. आता मुळं सुटलीत."

"तरास न्हाई ना?"

"ऊन सोसत न्हाई. खिडकीपासून लांब सरकावलंय."

पारूबाई रडायला लागली. "जित्तेपनी बी सोसत नव्हतं वो. टोपीबिगर कंदी गेले न्हाईत."

झालं. आठवड्याभरात चार घरची माणसं येऊन गेली. कुणी विचारी, आमचे अण्णा खात-पीत नीट आहेत का. तात्या सांगत, जास्त खत दिलं की पानं पिवळी पडतात, बेतानं देतो. अण्णांना शुगर होती; घरच्यांचं समाधान होई. मी तात्यांना म्हणालो, "तुम्ही लोकांना फसवताय." ते चक्रावले. "मी एक शब्द खोटा बोललो का? झाडाचं विचारत्यात, झाडाचं सांगतो." खरंच, त्यांना कितीतरी दिवस कळलंच नव्हतं. आणि कळलं तेव्हा पारूबाई रोजची झाली होती, तिला आता काय सांगायचं, हे त्यांना उमगेना. ते झाडांची काळजी दुपटीनं घ्यायला लागले. एखादं झाड दगावलं, तर घरच्यांना काय तोंड दाखवायचं?

मी शाळेत अंधश्रद्धेवर भाषणं देणारा माणूस. हे सगळं दुसऱ्यांच्या घरातलं होतं तोवर मला हसू येत होतं. गेल्या वर्षी वडील गेले.

दहाव्याला कावळा शिवेना. तासभर शिवेना. चुलते म्हणाले, "आईला सांभाळीन म्हन." म्हणालो. "भावकीचा बांध कोरणार न्हाई म्हन." आमच्या चुलत्यानं ह्या संधीचा असा उपयोग करून घेतला. तेही म्हणालो. कावळे समोरच्या झाडावर बसून आमच्याकडं पाठ करून होते. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि आम्ही उठलो. तेवढ्यात पलीकडून तात्या आले. टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी, छातीशी धरलेलं. आईनं ते पाहिलं आणि तिच्या चेहऱ्यावरचा दहा दिवसांचा ताण उतरला.

"म्हनून शिवला न्हाई," ती मला हळूच म्हणाली. "ते हितं नव्हतेच."

दुसऱ्या दिवसापासून दोन वाजता आई तात्यांच्या खोलीत. मी चिडलो, समजावलं, फळ्यावर काढतात तशी कागदावर मुळाची आकृती काढून दाखवली. आईनं ती नीट बघितली. "चांगली काडलीस," म्हणाली आणि चपला घालून निघाली.

एकदा तिला आणायला म्हणून गेलो. धुकं एवढं होतं की आई दिसेना, नुसता तिच्या बांगड्यांचा आवाज. तात्या हजेरी घेत होते. महादू. शांतता. इस्माईलभाई. शांतता. मग माझ्या वडिलांचं नाव. आणि धुक्यातून कुणीतरी घसा खाकरला. दोनदा, छोटं. वडील पहाटे शिफ्टला निघताना ओट्यावर खाकरत, तसं.

फॉगरच्या नळीत हवा अडकली की तसा आवाज होतो. मी दुसऱ्या दिवशी नळी खोलून तपासली. तोंडाशी शेवाळ साचलं होतं. आता एवढंच की तो आवाज बाकी कुणाच्या नावाला येत नसे. हे मी कुणाला सांगितलं नाही. माझ्या डिग्रीला ते शोभलं नसतं.

यंदा श्रावणात आई दहा दिवस कर्जतला गेली, मावशीच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं म्हणून. निघताना तात्यांना बजावून गेली, "भावजी, यांच्याकडं ध्यान असू द्या." चौथ्या दिवशी तात्या शाळेच्या फाटकाशी उभे. शाळेकडं ते जन्मात कधी आले नव्हते.

"बीएस्सी, जरा चला. अन् खरं सांगा."

वडिलांच्या रास्नेचा शेंडा काळा पडला होता. मधलं पान धरलं तर सहज हातात आलं, आणि कुजका वास. पाऊस आणि वर धुकं, पाणी शेंड्यात साचलं होतं. ही जात एकाच शेंड्यानं वाढते. शेंडा गेला की बहुधा झाड जातं. मी तसं सांगितलं. तात्यांनी दालचिनीची पूड लावून झाली होती, फॉगर बंद केला होता, झाड वाऱ्याला टांगलं होतं. करण्यासारखं सगळं करून ते माझ्याकडं आले होते.

"बुडातून पिल्लू फुटतं म्हनत्यात?"

"फुटलं तर फुटतं. महिने लागतील."

"वैनी रविवारी येनार."

मी म्हणालो, "झाड मेलं म्हणून सांगू. त्यात काय?"

"तुमी सांगाल?" त्यांनी विचारलं. "पुन्यांदा?"

वडील गेले, तेव्हा दवाखान्यातून आईला फोन मीच केला होता. तात्यांनी हजेरी घेतली. वडिलांच्या नावानंतर खोलीत काहीच वाजलं नाही. पाणी बंद होतं, नळी कशी वाजणार? तरी आम्ही दोघंही जरा थांबलो.

रविवारी आई एसटीतून उतरली ती पिशवी माझ्या हातात देऊन थेट तिकडंच. मी मागोमाग, बोलायचं काय ते जुळवत. तात्या दारातच म्हणाले, "या वैनी. बघा, नवीन मूळ सुटलंय."

वडिलांचा बिल्ला एका टवटवीत झाडाला बांधलेला होता. मुळाचं टोक हिरवंगार. आईनं त्याला बोट लावलं, बराच वेळ बघितलं, "बरं झालं," म्हणाली. मी बी.एस्सी. आहे, मला एका नजरेत कळलं. पानं रुंद होती, जाड होती. ती सीतेची वेणी होती. भिंतीकडच्या कोपऱ्यात, अंधारात, तो काळा पडलेला खुंट टांगला होता आणि त्याच्यात हिरवी बांगडी होती.

आई पुढच्या झाडाकडं वळली तेव्हा मी तात्यांना ओट्यावर ओढलं. "हे काय केलंत? काकूंचं झाड ते."

"हळू."

"तात्या, माहेराहून आणलेलं त्यांनी—"

"तुमच्या वडलांचं विचारायला मानूस येतं, बीएस्सी," ते म्हणाले. "हिचं कोन येतंय विचारायला? मी एकलाच. माझं मी बघून घीन." आणि आत जाऊन त्यांनी महादू फिटरची चिंधी विनाकारण सोडून पुन्हा बांधली.

आम्ही घरी निघालो. आमच्या फाटकाशी आल्यावर ती म्हणाली, "पान रुंद हुतं."

मी थांबलो.

"तुझ्या बापाचं पान अरुंद. मधी चिमटलेलं. वरीसभर रोज बघतीय, मला कळत न्हाई व्हय?"

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? मानसानं आपलं मानूस काडून माझ्या हातात दिलं, अन् मी पानाची रुंदी बोलू?" तिनं कडी काढली. मग जरा वेळानं, माझ्याकडं न बघता, "तुझा बाप गेला, बाबा. मला म्हाईतीय. मी काय येडी न्हाई." एवढं बोलून ती चूल पेटवायला गेली. गॅस आहे घरात, पण त्या दिवशी तिनं चूल पेटवली.

दुसऱ्या दिवशी मला सुट्टी होती. दोन वाजता आई निघाली, मी सोबत गेलो. मला वाटलं, ती आता बिल्ल्याच्या झाडापाशी जाऊन काहीतरी बोलेल. ती त्याच्यासमोरून सरळ पुढं गेली. मुळं बाजूला सारत, वाकून, कोपऱ्यातल्या त्या काळ्या खुंटापाशी जाऊन उभी राहिली. बांगडी जरा तिरकी झाली होती, ती तिनं सरळ केली.

"भावजी," ती म्हणाली, "जाऊबाई कशा हायेत?"

अकरा घरच्या माणसांना तात्यांनी न अडखळता उत्तरं दिली होती. मुळं, पानं, ऊन, खत. आता त्यांनी काचेच्या पट्टीवरचा थेंब बघताना मिटायचे, तसा एक डोळा मिटला. मग दुसराही.

"बोलत न्हाई वो ती," शेवटी म्हणाले. "सा वर्सं झाली. रोज हाक मारतो. समद्यांच्या शेवटी, मनातल्या मनात. बाकीच्यांचं मला काय वाटत न्हाई. हिनं तरी..."

"बोलत्याल," आई म्हणाली. "डोंगरातली बाई. सावकाशीनं बोलत्याल."

तिनं भिंतीकडचा पाट ओढला आणि त्या खुंटासमोर बसली. शेजारची जागा पदरानं झटकली. तात्यांनी तिथं येऊन बसावं म्हणून आईला दोनदा सांगावं लागलं.